डबा घेऊन काउबॉयांच्या जत्रेत

पहिली गडबड नावामुळेच झाली. पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'पिकनिक कंट्री', आणि पिकनिक म्हटल्यावर आपल्या डोक्यात काय येतं, तर डबा. त्यामुळे आदल्या रात्री वॉर्सातल्या फ्लॅटवर उभं राहून मी आठ दशम्या भाजल्या, शेंगदाण्याची चटणी केली, ठेचा वाटला, आणि आईने दिलेला तो तीन ताळी स्टीलचा डबा सॅकमध्ये कोंबून सकाळी निघालो. ऑफिसमधला माझा मित्र, ज्याच्या गावाला आम्ही चाललो होतो, त्याने तो डबा बघितला आणि काही बोलला नाही, नुसता हसला. नंतर बसमध्ये म्हणाला, अरे कंट्री म्हणजे अमेरिकन काउबॉयांचं संगीत, त्या गाण्याचा फेस्टिव्हल आहे तो, तीन दिवसांचा, हजारो माणसं येतात, पावलापावलाला खायचे स्टॉल असतात. म्हटलं असू दे, जत्रेत पण स्टॉल असतात, म्हणून काय भाकरी न्यायची नाही काय?

गावाचं नाव म्रोंगोवो. स्पेलिंगमधल्या ए-ला खाली एक बारीक शेपूट असते आणि त्या शेपटीमुळे त्याचा उच्चार ओं होतो, हे कळायला मला पोलंडमध्ये दीड वर्ष लागलं. देशाच्या ईशान्येला माझुरी नावाचा तळ्यांचा मुलूख आहे, त्यात हे वीसेक हजार वस्तीचं गाव, चोस नावाच्या तळ्याच्या काठावर. रेल्वेलाइन आहे पण पॅसेंजर गाडी येत नाही, त्यामुळे ओल्श्तिनपर्यंत ट्रेन आणि पुढे साठेक किलोमीटर बस. रस्ता मात्र असा की बस हळू चालली तरी तक्रार नको, दोन्ही बाजूंना प्रशियन, म्हणजे जर्मन राज्याच्या काळात लावलेली जुनी झाडं, वर कमान झालेली, आणि विजेच्या खांबांवर करकोच्यांची ही एवढाली घरटी. आणि बसमध्ये जुलैच्या उकाड्यात निम्मी माणसं लेदरच्या हॅट घालून. माझ्या शेजारी एक साठीतला गृहस्थ बसलेला, कमरेला ताटलीएवढं बक्कल, पायात टोकदार बूट, आणि मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत टोमॅटो. टोमॅटो बहिणीसाठी होते.

खरं सांगायचं तर मी टिंगल करायच्या मूडमध्येच गेलो होतो. पोलंडमध्ये काउबॉय? म्हणजे उद्या कोणी टेक्सासमध्ये ढोलकी घेऊन लावणी महोत्सव भरवला तर आपण हसणारच ना, तसंच. तळ्याच्या काठावर अ‍ॅम्फिथिएटर आहे, उतारावर बाकडी, खाली स्टेज, स्टेजच्या मागे सरळ पाणी. गावातून मिरवणूक निघते तिच्यात घोडे, जुन्या लांबलचक अमेरिकन गाड्या, मोटरसायकली, आणि एक माणूस चक्क चाबूक वाजवत चाललेला, थेट आपल्या पोतराजासारखा फक्त देवी नाही एवढंच. गावाबाहेर एक वेस्टर्न टाउन पण उभं केलंय, मुलांना घेऊन जायचा थीम पार्क, त्याचं नाव म्रोंगोव्हिल. मी फोटोवर फोटो काढत होतो आणि कोल्हापूरच्या ग्रुपवर टाकत होतो, आणि तिकडून 'नाद खुळा' वगैरे येत होतं.

मग संध्याकाळी गाणी सुरू झाली आणि माझी टिंगल हळूहळू गळत गेली, एकदम नाही, थोडी थोडी.

पहिली गोष्ट म्हणजे गाणी पोलिशमध्ये होती. काही इंग्रजी होती, पण लोक ज्या गाण्यांवर उठून उभे राहत होते ती पोलिश. आणि माझं पोलिश किराणा दुकानापुरतंच असलं तरी 'रस्ता', 'घर', 'आई', 'ट्रक', 'पाऊस' एवढे शब्द कळतात, आणि कंट्रीच्या गाण्याला याहून जास्त शब्द लागतही नाहीत. ट्रक ड्रायव्हरचं एक गाणं लागलं तेव्हा मागच्या रांगेतली आठ-दहा दांडगी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गायला लागली. मित्र म्हणाला, हे सगळे खरंच ड्रायव्हर आहेत, अ‍ॅक्टिंग नाही. युरोपात देशादेशांमधली मालवाहतूक सगळ्यात जास्त पोलिश ट्रकवाले करतात, स्पेनचा टोमॅटो असो नाहीतर जर्मनीचं वॉशिंग मशीन. तीन-तीन आठवडे घराबाहेर, कुठल्यातरी पार्किंग लॉटमध्ये केबिनमध्ये झोपायचं, बायकोशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं. त्या माणसाने लांबच्या रस्त्याचं आणि वाट बघणाऱ्या घराचं गाणं म्हटलं तर त्यात अमेरिकेचं काय आहे? हॅट अमेरिकन, एवढंच.

बरं, हॅटचं पण एक प्रकरण आहे इथे. फेस्टिव्हल सुरू झाला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, कॉर्नेलियुश पात्सुदा नावाच्या रेडिओवरच्या पत्रकाराने त्याची कल्पना काढली. तेव्हाचा पोलंड म्हणजे काय, तर डिसेंबर १९८१ मध्ये सरकारने मार्शल लॉ लावलेला, रस्त्यावर रणगाडे, कितीतरी गोष्टी कुपनवर, आणि डॉलर असतील तरच पेवेक्स नावाच्या दुकानात खरी जीन्स मिळायची. डॉलर कुठून येणार, तर शिकागोला गेलेल्या मामा-काकाकडून. त्या काळात जीन्स घालून तळ्याकाठी बसून बँजो ऐकणं याला राजकारण म्हणता येत नव्हतं, म्हणून ते बंद पण करता येत नव्हतं. असं मला वाटतं, मित्राचे वडील मात्र म्हणाले, राजकारण-बिजकारण काही नाही, आम्ही पोरी बघायला जायचो. असो. पण १९८९च्या ४ जूनला जी निवडणूक झाली तिचं सॉलिडॅरिटीचं, म्हणजे सरकारविरोधी कामगार चळवळीचं पोस्टर अजून इथे दुकानांत मिळतं, त्यावर गॅरी कूपर आहे, एका जुन्या वेस्टर्न सिनेमातला शेरीफ, समोरून चालत येणारा, छातीवर शेरीफच्या चांदणीच्या वर सॉलिडॅरिटीचा बिल्ला आणि हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. कम्युनिस्टांना हरवायला पोलंडने काउबॉय बोलावला होता हो! ते कळल्यावर बसमधल्या त्या टोमॅटोवाल्या काकांची हॅट मला वेगळी दिसायला लागली.

पण मला लिहायचंय ते हे नाही. मला लिहायचंय ते मित्राच्या आजीबद्दल, म्हणजे त्यांच्या भाषेत बाब्चा.

बाब्चा आता सत्त्याऐंशीच्या आहेत, अ‍ॅम्फिथिएटरसमोर तळ्याच्या पलीकडे जुन्या विटांच्या घरात वरच्या मजल्यावर राहतात. त्या कधी तिकीट काढून आत जात नाहीत. बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात, कारण आवाज पाण्यावरून फुकट येतो, आणि वर तो पाण्यावरून आल्यामुळे गोड होऊन येतो असं त्यांचं म्हणणं. आम्ही शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. मी माझा डबा उघडला. त्यांनी दशमी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली, वास घेतला, आणि मित्राला काहीतरी म्हणाल्या, तो म्हणाला की ती विचारतेय हे प्रवासाचं खाणं आहे का. मी उडालोच. दशमी ही प्रवासाची गोष्ट आहे हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण ज्या बाईने सात-आठ वर्षांची असताना मालगाडीत आठवडे काढलेत तिला टिकणारं खाणं वासावरून कळत असणार.

कारण बाब्चा इथल्या नाहीत. त्या विल्नोच्या बाजूच्या, म्हणजे आजचं विल्निअस, लिथुआनिया. युद्धानंतर सीमा पश्चिमेला सरकवल्या गेल्या, पोलंडचा पूर्वेकडचा पट्टा, ज्याला हे लोक 'क्रेसी' म्हणतात, सोव्हिएत युनियनकडे गेला, आणि तिकडच्या पोलिश माणसांना उचलून इकडे आणलं, एक गाय, एक शिवणयंत्र, गोधड्या आणि चार पोरं अशा हिशेबाने. आणि इकडे म्हणजे कुठे, तर जर्मनांनी सोडलेल्या घरांत. म्रोंगोवो तेव्हा म्रोंगोवो नव्हतंच, झेन्सबुर्ग होतं, पूर्व प्रशियातलं जर्मन गाव. गावाच्या टेकडीवर अजून बिस्मार्कच्या नावाचा मनोरा आहे. बाब्चांच्या आई सांगायच्या की घरात शिरलो तेव्हा तळघरात मुरांब्याच्या बरण्या होत्या ओळीने, वर जर्मनमध्ये सुंदर अक्षरात चिठ्ठ्या, आणि विष घातलं असेल या भीतीने महिनाभर कोणी हात लावला नाही. मग सगळ्यात धाकट्याने चोरून खाल्ला. काही झालं नाही. मग सगळ्यांनी खाल्ला.

गावाच्या नावाची गंमत वेगळीच. १९४५ नंतर जर्मन नावं पुसायची होती, तर यांनी काय केलं, मरून नव्वद वर्षं झालेल्या एका पाद्रीबुवांचं नाव गावाला दिलं, म्रोंगोव्हियुश, प्रोटेस्टंट, शब्दकोशकार, या मुलखातली पोलिश भाषा टिकावी म्हणून आयुष्यभर लिहिणारा माणूस. तो जन्मला दुसरीकडे, आयुष्य काढलं दान्झिगला, म्हणजे आजच्या ग्दान्स्कला. शेजारची दोन गावं, गिझित्स्को आणि केंत्शिन, ती पण अशीच विद्वानांच्या नावाची. आपल्याकडे नामांतर म्हटलं की राजे, नेते, देव. इथे डिक्शनरीवाला! मला हे फार आवडलं, का कोण जाणे.

आणि जर्मनांच्या काळात पण गोष्ट सरळ नव्हतीच. इथले मूळचे लोक माझुरी, घरात पोलिशच्या जवळची बोली बोलायचे पण धर्माने लुथरन आणि राजा प्रशियाचा. १९२० साली मतदान घेतलं की पोलंडला यायचं का पूर्व प्रशियातच राहायचं, तर ९७ टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं, राहायचं. भाषेवरून माणूस कुठल्या देशाचा ते ठरवणाऱ्यांना बसलेली ही चपराक मला बेळगावच्या बाजूच्या माणसाशी बोलताना नेहमी आठवते, जरी ती केस अगदी वेगळी असली तरी. मग १९४५ च्या जानेवारीत लाल सैन्य आलं आणि बरेच जण बर्फातून पळाले, उरलेले पुढच्या तीस वर्षांत एकेक करत पश्चिम जर्मनीला गेले. त्यांच्या रिकाम्या घरांत बाब्चांसारखे क्रेसीचे लोक, आणि १९४७ मध्ये दक्षिणेच्या डोंगरांतून जबरदस्तीने उठवलेले युक्रेनियन आणि लेम्को नावाचे डोंगरी लोक, जवळजवळ एक लाख चाळीस हजार माणसं उत्तरेला आणि पश्चिमेला अशी विखरून टाकली. म्हणजे अख्ख्या गावात 'आमचं मूळ गाव' म्हणजे इथलीच जागा असं म्हणू शकणारं माणूस शोधावं लागेल.

आणि हे गाव दरवर्षी तीन दिवस बसून, परत घरी जायचंय घरी जायचंय, अशी गाणी ऐकतं.

आता मला सांगा, यात नकली काय आहे? त्या रात्री मला तो प्रश्न सुटेना. कंट्री संगीत अमेरिकेच्या मातीतलं म्हणतात, पण त्यात बघा, बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचा, फिडल आयर्लंड-स्कॉटलंडहून बोटीने गेलेली, ते योडेलिंग आल्प्सचं, आणि ती रडवणारी सरकती स्टील गिटार हवाई बेटांवरची, जी आपल्या जुन्या हिंदी गाण्यांत पण आहे. सगळं सामान कुठून ना कुठून घर सुटलेल्या माणसांनी आणलेलं. वेस्ट व्हर्जिनियाच्या रस्त्यांचं ते गाणं, 'टेक मी होम, कंट्री रोड्स', जे इथे पण शेवटी सगळे घसा फोडून गातात आणि कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या गॅदरिंगला आम्ही पण गायचो, त्याची सुरुवात ज्या जोडप्याने केली ते तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाला धड गेलेलं पण नव्हतं, त्यांना ते सुचलं मेरिलँडमधल्या एका रस्त्यावर. तरी गाणं खरं आहे. मी तिथे उभा राहून ते गात होतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पंचगंगेचा पूल होता, पलीकडच्या काकांसमोर काय असेल देव जाणे.

म्हणजे मी टिंगल करायला आलो होतो ती नेमकी कशाची?

बाब्चांना मी कोल्हापूरबद्दल सांगायचा प्रयत्न केला. इथे थोडं मागे जायला लागेल. माझी आजी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला शेवटपर्यंत 'कॅम्प' म्हणायची. कॅम्पातनं कापड आणलं, कॅम्पात स्वस्त मिळतं. लहानपणी मला वाटायचं तिथे मिलिटरी असेल. कळतं झाल्यावर कळलं की १९४३ ते १९४८ वळिवड्याला, म्हणजे आज गांधीनगर आहे तिथेच, पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती, पाचएक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, तीच ती क्रेसीची माणसं, ज्यांना १९४० पासून सोव्हिएतांनी मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे नेलं, जी मग सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आली. वळिवड्याला त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. युद्ध संपलं तेव्हा बहुतेकांना परत जायला गावच उरलं नव्हतं, ते दुसऱ्या देशात गेलेलं, त्यामुळे कोणी इंग्लंड, कोणी ऑस्ट्रेलिया, असे पांगले. आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत कोण आलं, तर फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी, ज्यांनी तिथे कापडाचा केवढा बाजार उभा केला. निर्वासितांच्या जागेत निर्वासित. झेन्सबुर्गात जे झालं तेच वळिवड्यात, फक्त वळिवड्यात कोणाला पळवून लावायला लागलं नाही, हा फरक लहान नाही.

२०२४च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान वॉर्सात आले आणि त्या वसाहतीच्या आठवणीत तिथे उभारलेल्या कोल्हापूरच्या स्मारकाला फुलं वाहिली तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर तो फोटो इतक्या वेळा आला की शेवटी मी ग्रुप म्यूट केला, पण फोटो ठेवला होता. तोच मी फोनवर बाब्चांना दाखवला, मित्र भाषांतर करत होता. मला वाटत होतं, आता काहीतरी होणार, डोळ्यांत पाणी वगैरे, किंवा त्या म्हणणार की आमच्या शेजारची अमुक तिथे होती. मनातल्या मनात मी हा लेख तेव्हाच लिहायला घेतला होता, खोटं कशाला बोलू.

बाब्चांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत दिला. मग विचारलं, तिकडे फार उकाडा होता का?

मी म्हटलं हो, एप्रिल-मे मध्ये असतो. त्या म्हणाल्या, बिचाऱ्या, आणि त्यांना लोकरीचे कपडेच ठाऊक. मग पुढे काही नाही. ठेच्याचा एक कण जिभेवर ठेवला, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या की हा पण उन्हाळ्याचाच दिसतोय.

मग बऱ्याच वेळाने, समोरून साउंड चेकचा आवाज यायला लागला तेव्हा, आपणहून सांगितलं की नव्वदच्या सुमारास एक म्हातारं जर्मन जोडपं फाटकाशी येऊन उभं राहिलं होतं. आत यायला लाजत होतं. बाब्चा समजल्या. आत बोलावलं, चहा दिला, भाषा कोणाचीच कोणाला येत नव्हती. जाताना त्या जर्मन बाईने मागच्या सफरचंदाच्या झाडाकडे बोट दाखवलं, तर बाब्चांनी पिशवी भरून दिली. मी विचारलं, तुम्ही गेलात का कधी तुमच्या गावी, विल्नोकडे? एकदा, म्हणाल्या. झाड नव्हतं.

फेस्टिव्हल संपल्यावर थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, त्याच अ‍ॅम्फिथिएटरमध्ये क्रेसीच्या संस्कृतीचा महोत्सव भरतो, १९९५ पासून. लिथुआनिया, बेलारूस, युक्रेनमध्ये राहिलेले पोलिश लोक येऊन तिकडची गाणी म्हणतात, तिकडचे पोशाख घालतात. मी बाब्चांना म्हटलं, म्हणजे तो तर तुमचाच, तो जास्त आवडत असेल. त्या म्हणाल्या, तेव्हा मी बाल्कनीचं दार लावून घेते. काउबॉयांचं बरं आहे, त्यातलं काही कळत नाही.

मित्राने हे भाषांतर करताना मध्ये थोडा वेळ घेतला. त्याने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

रात्री आम्ही परत अ‍ॅम्फिथिएटरला गेलो. शे-दोनशे बायका-पुरुष एका ओळीत, एका ठेक्यात, वळा, टाच आपटा, परत वळा, असा लाइन डान्स करत होते, आणि त्यात हसण्यासारखं मला काही दिसेना, लेझीम बघताना कसं पाय आपोआप हलतात तसे हलायला लागले. मी चाळीस झुओटींची एक हॅट घेतली. सेनकाच नावाचा केक खाल्ला, तो आडव्या दांड्यावर पिठाचे थरावर थर ओतून निखाऱ्यावर भाजतात आणि तो काटेरी झाडाच्या खोडासारखा दिसतो. क्येउबासा, म्हणजे इथलं सॉसेज खाल्लं, त्यावर लपूनछपून ठेचा लावून, आणि बाजूच्या एका ड्रायव्हरने मागितला म्हणून त्यालाही दिला, त्याने नंतर दोन बिअर मागवल्या, दोन्ही स्वतःसाठी. मधूनच मी पाण्यापलीकडे बघत होतो, बाब्चांच्या बाल्कनीत दिवा होता, मग कधीतरी बंद झाला.

सकाळी निघताना डबा घ्यायला वर गेलो. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मी पोलंडमध्ये कोणाला समजावून सांगायच्या भानगडीत कधी पडलो नव्हतो, पण डबा उचलला तर जड. एका ताळात सेनकाचचे तुकडे, दुसऱ्यात मागच्या झाडाची हिरवी सफरचंदं, अजून पिकायची होती, आणि तिसऱ्यात मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या काकड्या, बडीशेपेसारख्या कसल्याशा फांदीसकट, पाण्यासकट.

आता आपला डबा काही पाण्यासाठी केलेला नाही. ओल्श्तिनच्या अलीकडेच ते पाणी सॅकमधून गळायला लागलं आणि मांडीवरच्या नव्या हॅटमध्ये साठलं, आणि अख्ख्या बसला आंबट वास सुटला. मी ओशाळून इकडेतिकडे बघितलं. परत जाताना पण तेच टोमॅटोवाले काका होते, दोन सीट पुढे, त्यांनी मान वळवून वास घेतला आणि विचारलं, घरच्या का?